बोली

हर्णैच्या बंदरावर मी लिलाव पुकारतो, एकतीस वर्षं झाली.
गुडघाभर पाण्यात उभा राहून
व्यापाऱ्यांच्या खिशातून शंभराचे दीडशे काढलेत.
घरात मात्र आजवर
एकही बोली माझ्या नावावर सुटलेली नाही.

त्या रात्री पौषातली थंडी,
मी कानटोपीत,
आणि सुगंधाच्या मानेवरून घाम.
"काय नाय. पित्त हाय."
डावा जबडा दाबून धरलेला. "दाढ असंल."
पाठीत कुणी पाटा ठेवल्यावानी वाटतंय म्हणाली,
आणि लगेच, "काल टोपल्या उचलल्या ना, त्याचं."
एकेका दुखण्याला तिनं नाव ठेवून टाकलेलं,
पाळण्यात घातल्यासारखं.

मी म्हटलं, दापोलीला जाऊ.
म्हणाली, सकाळी बघू.
म्हणाली, वलांडीवर बोंबील आहेत, पहाटे दव पडतं.
म्हणाली, दिलावरला उठवायचं या वेळी? त्याची सून बाळंतीण.
म्हणाली, मोठ्या दवाखान्यात गेलं की ते ठेवूनच घेतात.
हे शेवटचं जरा हळू.
तेव्हा कळलं भाव कुठे अडलाय.
तिची थोरली बहीण याच रस्त्यानं गेली होती, आपल्या पायांनी,
परत आणायला टेंपो लागला.

मी ओरडलो. शपथा घातल्या.
पोराला फोन लावतो म्हटलं, उरणला.
"त्याची रात्रपाळी हाय, खबरदार."
मग ती ओव्याची बरणी काढायला उठली
आणि भिंतीला हात लावून थांबली.
भिंतीला. सुगंधा.
डोक्यावर ओली पाटी घेऊन वाळू तुडवताना
जिला हाक मारायलासुद्धा पळावं लागतं, ती.

लिलावात एक वेळ अशी येते
की ओरडून भाव चढत नाही.
तेव्हा पुकारणाऱ्यानं गप्प व्हायचं
आणि भलतीकडे बघायचं.
मी खाटेवर बसलो. छातीवर हात ठेवला.
"सुगंधा," म्हटलं, "मला कसंतरी होतंय गं."

तिच्या पायात चपला कधी गेल्या ते दिसलंच नाही.
माझं आधारकार्ड, माझी शाल, माझी कवळी पिवळ्या पिशवीत,
कुलूप, बॅटरी,
दिलावर मुकादमच्या दारावर थापा,
बाळंतीण उठली तर उठली.
रिक्षात माझं डोकं तिनं खांद्यावर दाबून धरलं.
तो खांदा गार आणि ओला.
"बोलू नका. श्वास घ्या. हळू."
आसूदच्या चढणीला रिक्षा कण्हायला लागली,
माझ्या कपाळावर नसलेला घाम
ती पदरानं पुसत राहिली.
मी तिचं मनगट धरून मोजत होतो,
मोजायची एकच रीत मला येते.
एक वार. दोन वार.
तिनावर जायचं नाही. तिनाला सौदा तुटतो.
पुन्हा एकपासून.

दापोलीत पोरगेल्या डॉक्टरनं मला स्ट्रेचर दाखवलं.
मी म्हटलं, मला काही नाही,
हिची पट्टी काढा आधी.
ती बघत राहिली माझ्याकडे,
कुणी मापात मारलं की बघते तशी.
शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तिला ओकारी आली.

पट्टी निघाली.
डॉक्टर बोलता बोलता थांबला,
मग फार भराभर बोलायला लागला.
जिभेखाली गोळी, सुई, चिपळूणला फोन.
मी अंगठा दिला की सही केली, आठवत नाही.

गाडीत तिनं बोटानं मला जवळ बोलावलं.
नाकावरचा मास्क सरकवला.
"खोटारडे."
मग दम घेऊन,
"बोंबील. यमुनाला सांगा. दवाच्या आत."
यमुनाला फोन केला. ती झोपेत हो म्हणाली.

बाहेर खेडचा रस्ता, एकही दिवा नाही.
मनगट माझ्या हातात.
एक वार.
दोन वार.